वरच्या सोंडेवरचं डुक्कर

वाइमोहो,
१६ फेब्रुवारी २००४

चि. हाकोपास, थोरल्या बहिणीचे अ. आ.

पत्र लिहिते, कारण फोनवर तू सगळ्याला "हो ताई" म्हणतोस आणि नंतर त्यातलं काही करत नाहीस. कागदावरचं निदान तुझ्या बायकोला वाचता येतं.

आईला जाऊन वर्ष होत आलं. तिच्या थडग्याच्या दगडावरचं कापड ईस्टरच्या शनिवारी काढायचं असं फादरांशी बोलून ठरवलं आहे. दगड आला आहे, चर्चच्या पडवीत गोणपाटात गुंडाळून ठेवला आहे. सगळं खोरं येईल, शिवाय तिच्या माहेरची माणसं. त्यांना आपल्या कुळाच्या बैठकीच्या आवारात, मराएच्या भोजनघरात बसवून जेवू घालायचं आहे. जमिनीत पुरून शिजवायच्या हांगीच्या खड्ड्यातल्या तापल्या दगडांवर दुकानातली कोंबडी ठेवून आईच्या नावाचं जेवण उरकलं, तर मीच तिच्या शेजारी जाऊन पडेन. तिनं जन्मभर पाहुण्यांना रानातलं डुक्कर वाढलं. तेव्हा तू आणि मुलं आठवडाभर आधी या. डोंगर सरकारी आहे, परवाना असला की कुणालाही शिकार करता येते. तो तिकडूनच काढ. इथल्या परवान्याच्या खिडकीवरच्या माणसाला लहानपणी मीच, नर्स असताना, सुया टोचल्या, आणि आता तो मलाच ओळखपत्र मागतो.

कुत्र्यांची परीक्षा झाली का? किवी पक्ष्याला तोंड लावणार नाही असा दाखला नसलेलं कुत्रं वर नेता येत नाही. मागे एकानं तसं नेलं होतं, त्याचा परवाना तर गेलाच, गावात तोंड दाखवायलाही जागा उरली नाही.

आई म्हणायची, मारण्याआधी डुकराचं नाव काढू नये, कुणासाठी हवं तेही बोलू नये, रान ऐकतं. कॉन्व्हेंटात सिस्टर इम्माकुलाता म्हणायच्या, हे अज्ञान. मी सिस्टरांची विद्यार्थिनी, म्हणून उघड लिहिते. डुक्कर हवं, आणि मोठं हवं.

गुडघ्याला तेल लाव. आहे ती माया टिकवून ठेव.

तुझी,
एरेनाताई


ऑकलंड,
२७ फेब्रुवारी

ती. एरेनाताईस, हाकोपाचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. बायकोनं मोठ्यानं वाचलं, दोन्ही मुलांना बसवून.

कुत्र्यांची परीक्षा झाली. वाटेत पेंढा भरलेला किवी ठेवतात, आणि कुत्रं हुंगायला गेलं की गळपट्ट्यातून विजेचा चटका देतात. आपली दोन्ही कुत्री एकाच चटक्यात शिकली आणि पुढच्या फेरीत त्या पक्ष्याला लांबून वळसा घालून गेली. आपल्या घराण्यात पहिल्या फटक्यात शिकणारे हेच दोघे, असं धाकटा म्हणाला. त्याला मी तुझ्यासाठी एक चापट दिली.

परवाना आला. डोंगराच्या दोन्ही बाजू त्यात आहेत. पण ताई, खालच्या ओढ्याकडे आता सुट्टीवर आलेल्यांचे तंबू असतात, तिथे डुक्कर कसलं राहतंय? पानापाकाकांना विचारशील का? ऐंशीला आले तरी त्यांच्याइतकं ते रान कुणाला माहीत नाही. ते सोबत आले तर देव पावला, नाहीतर त्यांची म्हातारी कुत्री तरी उसनी मिळाली तर बघ. वीस वर्षांत मी वर गेलेलो नाही. मुलांपुढे माझी वाट चुकायला नको.

गुडघा बरा आहे. तुझ्या रागातही माझ्यासाठी थोडी जागा असू दे.

तुझा,
हाकोपा


वाइमोहो,
१४ मार्च

चि. हाकोपास, अ. आ.

गेले होते पानापाकडे. ओढा ओलांडून, साकवावरून, हातात केक घेऊन. केक त्यानं घेतला.

तो येणार नाही. कुत्री म्हातारी झाली म्हणाला. मी म्हटलं, ठीक आहे, मग वाट तरी सांग. तर म्हणे, पलीकडच्या उतारावर जा, डोंगराच्या वरच्या सोंडेवर ईस्टर होईपर्यंत जाऊ नका. का, म्हणून विचारलं, तर स्वतःच्या रबरी बुटांकडे बघत बसला. पुन्हा विचारलं. तर माझा केक उघडून बघितला आणि मनुका आहेत का विचारलं.

सांग मला, कुणाची आहे ती सोंड? जमीन सरकारची, डुकरं देवाची, आणि मनाई पानापाची! मातीच्या वेळीही तीन दिवस मराएच्या कोपऱ्यात बसून होता. आईबद्दल चार शब्द बोलायला उठला नाही, आणि ती याला दर रविवारी ताट पाठवायची. ईस्टरआधीचे उपवासाचे दिवस आहेत म्हणून याहून जास्त लिहीत नाही.

तुम्ही वरच्या सोंडेवरच जा. हा माझा हुकूम समज. तिथे त्याच्या खाचेची डुकरं असतील कदाचित. पिल्लू धरायचं, खच्ची करायचं, कानाला खाच पाडून चरायला सोडायचं, हे तो अजून करतो. डाव्या कानाला खाच आणि उजव्याचं टोक उडवलेलं, ही त्याची खूण. तसलं दिसलं तर सोडा. सरकारी परवान्यात खाचेबद्दल काही लिहिलेलं नसतं, पण आपल्या घरानं दुसऱ्याच्या खाचेला कधी हात लावलेला नाही. बाकीचं सगळं रान मोकळं आहे.

गाद्या उन्हात टाकल्या आहेत. जपून गाडी चालव, मायेनं ये.

तुझी,
एरेनाताई


वाइमोहो,
१९ एप्रिल

चि. हाकोपास, आशीर्वाद.

रविवारची चर्चमधली मिस्सा संपायच्या आत तुमची गाडी निघाली, म्हणून हे लिहावं लागतं आहे.

दगड सुंदर दिसला. आईच्या माहेरची माणसं खूश होऊन गेली. असं डुक्कर कित्येक वर्षांत खाल्लं नाही म्हणाली. ते कसं अंगावर आलं, कुत्र्यांनी कसं रोखून धरलं आणि तू सुरी घेऊन कसा शिरलास, ही तुझी हकीकत टेबलाटेबलावर फिरत होती. मीही ती तीनदा सांगितली, दर वेळी सुळे थोडे वाढवून.

तू बाहेर खड्ड्यातल्या टोपल्या उचलत होतास तेव्हा आत काय झालं ते तुला माहीत नाही. पानापा आला. स्वच्छ सदरा, आणि खांद्यावर रताळ्यांचं एक लहानसं पोतं. एवढंच. माझ्या डोक्यात ती सोंड अजून धुमसत होती. मी भर भोजनघरात, डोईला हात लावून, मोठ्यानं म्हटलं, "या, डोंगराचे मालक आले! एवढ्या मोठ्या डोंगरातून पानापा, माझ्या आईसाठी एवढंच निघालं का?" माणसं हसली. मी हसायला लावलं की माणसं हसतात, तुला माहीत आहे.

त्यानं पोतं खाली ठेवलं. म्हणाला, "दुसरं आणायचं होतं एरेना. मिळालं नाही." आणि बाकावर बसून समोर आलेलं जेवला.

मग भांडी. त्याची पुतणी हुहाना माझ्या शेजारी ताटं पुसत होती. तिनं न रागावता सांगितलं, हे सगळ्यात वाईट. ती रागावली असती तर मी दोन शब्द जास्त बोलून मोकळी झाले असते. आईला मूठमाती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी पानापानं वरच्या सोंडेवर एक पिल्लू धरलं. आईला त्यानं शब्द दिला होता म्हणे, तुझ्या दगडाचं डुक्कर मी देईन. वर्षभर तो पाठीवर मका घेऊन वर चढत होता. खाली उभा राहून शीळ घालायचा आणि ते झाडीतून यायचं. ईस्टरआधीचा अख्खा आठवडा त्यानं शिळा घातल्या. आलं नाही.

हुहानाला मी विचारलं, मग त्या दिवशी मला सांगितलं का नाही? ती हातातलं ताट ठेवून माझ्याकडे वळली. म्हणाली, आंटी, न मारलेल्या डुकराचं नाव कसं काढणार? आणि तेही गेलेल्या माणसाला कबूल केलेल्या?

हे मला सांगावं लागलं. मला, आईच्या मुलीला.

तुम्ही डोकं आणून दिलंत तेव्हा त्याला कान नव्हते. कुत्र्यांनी फाडले म्हणालास, आणि कुत्री कान फाडतातच, म्हणून मी पुढे विचारलं नाही. आज विचारते. हाकोपा, कान कुठे आहेत?

एरेनाताई


ऑकलंड,
२६ एप्रिल

ती. एरेनाताईस, सा. न.

तुझं पत्र या वेळी बायकोला वाचू दिलं नाही.

कान ओढ्यात आहेत. मी कापले.

कसलीही झुंज झाली नाही. दिवसभर काही मिळालं नव्हतं, कुत्री पुढे निघून गेली होती, आणि धाकट्यानं त्यांना बोलवायला शीळ घातली. कुत्री आली नाहीत, ते आलं. झाडीतून सरळ आमच्याकडे चालत आलं आणि उभं राहून आमच्या हातांकडे बघू लागलं. आता कळतं, मका शोधत होतं.

खाच मला दिसली होती. मुलांना ती काय ते माहीत नव्हतं, मला माहीत होतं. थोरला म्हणाला, बाबा, हे पाळीव आहे का? मी म्हटलं, सरकारी रानात पाळीव काही नसतं, परवाना बघ. ताई, कायद्यानं ते खोटं नाही. ऑकलंडला येईपर्यंत मी तेच मनाशी घोकत होतो. पण कायदा पुरला असता तर कान कापायची गरज काय होती?

मला रिकाम्या हातानं तुझ्यासमोर यायचं नव्हतं. वीस वर्षं मी सणाला नुसता जेवायला येतो. एकदा आईचं जेवण माझ्या हातून व्हावं असं वाटलं. हे कारण म्हणून लिहीत नाही.

थोरला माझ्याशी बोलतो, पण माझ्याकडे बघत नाही. पानापाकाकांना काय सांगायचं ते तू ठरव. तू म्हणशील ते मी करीन.

हाकोपा


वाइमोहो,
१० मे

चि. हाकोपास, अ. आ.

ठरवायला मी कोण? तुला त्या सोंडेवर कुणी पाठवलं? माझं पत्र तुझ्याकडे असेल, काढून वाच. "हुकूम समज" असं लिहिलं आहे, सिस्टरांनी शिकवलेल्या वळणदार अक्षरात.

गेले पानापाकडे. या वेळी केक नेला नाही. तो पडवीत मक्याची कणसं सोलत होता. तुझं पत्र नेलं होतं, पण वाचून दाखवावं लागलं नाही. मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला की पहिल्या घासालाच कळलं होतं. रानात मुळं उकरून जगलेल्या डुकराला अशी पांढरी चरबी धरत नाही, ती मक्याची. मग मी विचारलं की तरी जेवलास कसा, आणि तेही दोनदा वाढून घेऊन?

"तुझ्या आईच्या नावाचं होतं," तो म्हणाला. "टाकायचं कसं?"

एवढंच. माफ केलं म्हणाला नाही, आणि मी तसं विचारलंही नाही. उठताना त्यानं कोपऱ्यातलं अर्धं पोतं माझ्यापुढे सरकवलं. वर न्यायला ठेवलेला मका. आता तुझ्या कोंबड्यांना घाल, म्हणाला. टोमणा नव्हता रे तो. त्याला खरंच वाया जायला नको होतं. साकवावरून ते पोतं मी कसं आणलं ते मला ठाऊक. वाटेत दोन गाड्या थांबल्या, आंटी, बसा म्हणाल्या. मी नाही म्हटलं.

काल मिस्सेनंतर सगळे भोजनघरात चहाला बसले होते. जिथून हसवलं होतं तिथेच उभी राहिले आणि सांगितलं की त्या दिवशी मी ज्याला रिकाम्या हाताचा म्हटलं, त्याचंच डुक्कर तुम्ही सगळे खात होतात. ते आम्ही रानातून उचललं, आणि तिकडे शिकारीला पाठवणारी मी. कुणी हसलं नाही. सगळे कपात बघत राहिले. आई ज्याला फाकामा म्हणायची ते मला या वयात कळलं. लाज म्हटलं की ती येते आणि जाते असं वाटतं. ही येऊन बसते आणि आपल्याला उभं ठेवते. पानापानंही मान वर केली नाही. फक्त बाकावर थोडा सरकला, मला बसता येईल इतका.

कानांचं मी बोलले नाही. तो तुझा वाटा आहे, माझ्या तोंडून तो निघणार नाही. तेव्हा ये. मुलांना घेऊन ये, थोरल्याला आधी. कुत्री आणू नकोस, सुरी आणू नकोस, काही विकत घेऊन तर मुळीच येऊ नकोस. रिकाम्या हातानं ये. तेच तुला जमत नाही म्हणून सांगते.

सोंडेखालच्या रस्त्यानं आलात तर धाकट्याला सांग, तिथे शीळ घालू नकोस म्हणावं. पानापा अजून घालतो, येताजाता, सवयीनं. आणि मग उभा राहून ऐकतो.

गुडघ्याला तेल लाव. माझी माया कमी झालेली नाही, तुझी होऊ देऊ नकोस.

तुझी,
एरेनाताई