टाकीतली रिकामी जागा

अप्पा,

तुमची गाडी सोमवारी भंगारात जाते आहे. हे आधीच सांगते, म्हणजे पुढे उगीच आशा वाटायला नको. नोंदणीची मुदत संपत आली आहे, आणि इंजिनाचा पिवळा दिवा सतत लागलेली, मागच्या सीटवर पेट्रोलचा वास मारणारी गाडी तपासणीला नेण्यात अर्थ नाही. आईला ती ठेवायची होती. तुम्ही गेल्यावर ती गाडी चालवायला शिकली ती हिच्यावरच, आणि दुसरी नको म्हणते. म्हणून सुटी काढून मी अण्णा नगरच्या घरासमोर दोष शोधायला बसले.

आधी टाकीच्या झाकणाचं रबर पाहिलं. ते ठीक होतं. मग सायकलच्या पंपाने नळ्यांत अगदी हलका दाब दिला आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं. एकही बुडबुडा नाही. शेवटी इंजिनाकडे वाफ सोडणारी झडप काढली. वीज नसताना ती बंद असायला हवी. मी फुंकलं तर हवा आरपार गेली. तळहातावर आपटल्यावर तिच्यातून काळे दाणे पडले. आई टॉर्च धरून वाकली. "मिरे कां ग हे?"

"कोळसा आहे."

"गाडीत कोळसा? आगगाडी घेटली होती की काय अप्पांनी?"

मी तिला समजावलं. टाकीतली वाफ हवेत जाऊ नये म्हणून कोळशाचा एक डबा असतो. कोळसा वाफ धरून ठेवतो, गाडी चालू झाली की इंजिन ती ओढून जाळतं. त्या डब्यात वाफच जायची असते, पेट्रोल कधीच नाही. हे सांगत मी डबा सोडवला. तो फार जड लागला. हलवला, तर आत पेट्रोल डचमळलं.

तो आवाज ऐकला आणि पेट्रोल भरायचा बंक दिसला. तंजावरला निघायची आदली संध्याकाळ. नळी टक् करून थांबते आणि तुम्ही दोन्ही हातांनी गाडी मागून हलवता, आतली हवा निघून अजून थोडं मावावं म्हणून. "इन्नुम कोंजम, तंबी." अजून थोडं, अजून थोडं, पेट्रोल तोंडाशी दिसेपर्यंत. मी नुकतीच इंजिनिअरिंगला लागलेले. म्हणाले, अप्पा, वर वाफेसाठी जागा सोडलेली असते, म्हणून ती थांबते. तुम्ही वळूनही पाहिलं नाही. "पेट्रोल मी भरतो. तू पुस्तक वाच." बंकवरचा माणूस हसला. दुसऱ्या दिवशी मी विल्लुपुरमपर्यंत गप्प होते. तिथे तुम्ही खिडकीतून काफी पुढे केलीत आणि म्हणालात, "वाटेत कोणापुढे हात पसरायला लागू नये, म्हणून भरतो ग." मी काफी घेतली.

आता शुक्रवारी देवळातून येताना आई बंकवर थांबते. एकदा मी सोबत होते. टक् झालं, ती उतरली, पदर खोचला, गाडी हलवली. "इन्नुम कोंजम, तंबी." सूरसुद्धा तुमचा. एरवी तुमचं काहीच ती तशीच्या तशी करत नाही. काफीत साखरसुद्धा आता कमी घालते.

डबा मी गच्चीवर उन्हात ठेवला. कोळसा एकदा फुटला की वाळवून जुळत नाही, हे माहीत असून ठेवला. शेजारी चादरीवर आईचे तांदळाच्या पिठाचे वडाम वाळत होते. तिने ती चादर दुसऱ्या टोकाला ओढली. "पेट्रोलचे वडाम कोण खाईल? तुझा मॅनेजर?" गिंडीच्या मेकॅनिकला विचारलं. हा डबा आता बनत नाही, आणि जुन्या गाड्यांतून काढलेले मिळतात तेही असेच बुडालेले. "नळी उघडी सोडू, दिव्याची वायर कापू," तो म्हणाला. मी नको म्हटलं. आणि नवा मिळाला असता तरी एका शुक्रवारपुरता, मग बंकवर तोही पेट्रोलने भरला असता.

संध्याकाळी डबा उचलून हलवला. आवाज गेला होता, वास तेवढाच होता. आई जिन्यात उभी होती. "पोदुम, पुरे, सोड आता," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "कशाने गेलं ग ते? माझ्या चालवण्याने?"

अंबत्तूरच्या कारखान्यात माझ्या हाताखालच्या कोणी बिघाडाचं कारण म्हणून 'वय' लिहिलं, तर मी अहवाल परत पाठवते. वय हे कारण नसतं. वयात काय झालं ते लिहा, असं सांगते. आईला मी म्हटलं, "वय झालं, आई." तिने मान हलवली आणि वडाम गोळा करायला गेली. उद्या भंगारवाल्याकडे नेण्यापूर्वी ती गाडी धुणार आहे. दुसरी गाडी घेतली तर तीही अशीच बुडेल, आणि तेव्हा काय सांगायचं हे मला माहीत नाही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं. काल जिन्यात आईच्या जागी तुम्ही उभे असता, तर तुम्हालाही मी वयच सांगितलं असतं.