टाक काढून नेसलेली पैठणी

शुक्रवार, रात्र

जांभळी पैठणी आज पहिल्यांदा नेसले. मोरांचा पदर उठून दिसावा म्हणून पोपटी चोळी, वर बिनबुट्ट्यांचा केशरी शेला. त्यात मेलेल्या सवतीच्या नावानं गळ्यात घालायचा तो चांदीचा टाक विजोड दिसायला लागला. काढून डबीत ठेवला. हळदीकुंकवापुरताच तर. नवं वस्त्र आधी टाकाला दाखवून मग नेसायचं, तेही विसरले. खरंच विसरले?

हळदीकुंकवाला नणंदेकडे गेले, तर त्या दारातच थबकल्या. "वहिनी, ही जोडी कुणी सांगितली तुमाला? थोरली पण जांभळ्यावर पोपटीच घालायची की. वर केशरी शेला."

मला कुणीच सांगितलं नव्हतं. रंग माझे मीच निवडले होते. निवडले होते ना?

घरी येताच टाक गळ्यात घातला. एरवी अंगाच्या उबेनं लगेच कोमट होतो; आज तास झाला, अजून गारच लागतोय.