मानमोडीच्या गव्हाची चपाती

प्रिय अम्मा,

सून सासूला पत्र लिहिते म्हणून हसू नका. तेही तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाल्यावर! दुसरीपर्यंत शिकलेली मी, माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण आज तुम्हाला सांगितल्याशिवाय घास उतरायचा नाही. खूश आहे मी, लय खूश!

माझी नात शबाना, म्हणजे तुमची पणती, आता कॉलेजात जाते. सातपूरहून बसने, रोज बस चुकवून. इतिहास शिकते. आज मी चपात्या लाटत होते आणि ती मोठ्याने वाचत होती, "मिसरमध्ये साथ आली..." मला वाटलं, घसरली माझ्या मिश्रीवर! डबी पटकन पदराखाली घेतली.

"मिश्री नाय गं दादी, मिसर! इजिप्त!" पोरगी हसून लोळली.

मग तिने समजावून सांगितलं. फार जुन्या काळी, खलिफांचं राज्य होतं तेव्हा, तिकडे मरीच्या साथी यायच्या. गावंच्या गावं ओस पडायची. मग विणकर मिळेना, गवंडी मिळेना, हमाल मिळेना. जे वाचले त्यांनी मजुरी वाढवून मागितली, आणि मिळाली! जाडंभरडं खाणारे गव्हाची रोटी खायला लागले, मटण खायला लागले. एकदोन दिवस नाही, पुढे कितीतरी पिढ्या.

माझं लाटणं तिथंच थांबलं. अम्मा, ही तर तुमचीच गोष्ट!

आठवतं? लग्न होऊन चांदवडला आले, तेव्हा किती हौसेने चपात्या केल्या होत्या मी! तुम्ही ताट सरकवलंत आणि शिळी बाजरीची भाकरी घेतलीत. मी मोरीत जाऊन रडले. म्हटलं, सून पसंत नाही! सांगायचं तरी होतं ना तेव्हाच!

सांगितलंत किती वर्षांनी, गादीत कापूस भरताना. तुम्ही लहान असताना मानमोडीची साथ आली. घरोघर ताप, घरोघर मयत. आसपासच्या गावांतले पिंजारी गेले, कापूस पिंजायला तुमचे अब्बाच उरले. शेतकरी बैलगाडी पाठवून न्यायचे त्यांना! आधी मजुरीत बाजरी मिळायची, तीही किडकी. अब्बा म्हणाले, "आता गहू द्याल तर पिंजण उचलतो." आणि गहू आला.

शेजारच्या नूरबीचा नवराही पिंजारीच, साथीत गेलेला. ती तुमच्या दारात येऊन म्हणाली, "आमचा माणूस मातीत गेला, तवा तुमच्या तव्यावर चपाती आली!" तुमच्या हातातला घास तुम्ही खाली ठेवलात. ठेवलात तो कायमचाच.

हे सगळं शबानाला सांगितलं. ती म्हणते, "दादी, पणजीच्या अब्बांनी काय साथ बोलावली होती? काम करणारे हात कमी पडले म्हणून हातांना किंमत आली. अन् तोंड उघडून मागितलं नसतं ना, तर किडकी बाजरीच खात बसले असते." बघा कशी बोलते! तुमच्यावरच गेली आहे.

आणि अम्मा, रागावू नका, पण एक गोष्ट तुम्हीच बोलून गेला होतात. गहू आला की अब्बा आधी सूपभर नूरबीच्या उंबऱ्यावर ठेवून यायचे. तिची पोरं त्याच गव्हावर वाढली. ती घेत होती की! तुम्ही तिचा बोल जन्मभर धरून ठेवलात आणि अब्बांचं सूप विसरलात? असं कसं?

दरवर्षी तुमच्या फातेहाला मी भाकरीच करते, तुम्हाला आवडायची म्हणून. खरंच आवडायची का, ते अल्लाला ठाऊक! यंदा चपात्या करणार. पातळ, तूप सोडून, सोबत मटणाचा रस्सा. पहिली तुमच्या नावाने शबानाला देणार, आणि सूपभर गहू शेजारी देणार, अब्बांच्या नावाने. हा माझा शब्द.

ह्या वेळेला ताट सरकवायचं नाही हां!

तुमची बडबडी सून,
मेहरून