लेंड्यांतून उगवलेला डोंगर

प्रिय आत्या,

आज ग्रामसभेत आपण जिंकलो! पेढे वाटायच्या आधी तुला कळवायला बसलोय, कारण या डोंगरावरून तुला सगळ्यांत जास्त हसलो तो मीच.

सध्या जिकडेतिकडे रस्ते रुंद होताहेत. मांजरसुंब्याच्या रस्त्याला खडी हवी म्हणून एका कंपनीने आपला डोंगर मागितला. अर्जात काय लिहावं? ‘उजाड, निरुपयोगी टेकाड’!

उजाड तो होताच गं. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या साली लपलेली माणसं बाहेर काढायला कुणीतरी तो पेटवला. कुणी, यावर पारावर अजून भांडणं होतात. त्या आगीत तुझे मालक, आमचे मामा गेले. झाडं गेली, मग पावसाने माती धुऊन नेली आणि नुसता मुरूम उरला. शाळेने लावलेली रोपं दोनदा वाळली.

आणि तू काय केलंस? लोक खतासाठी शेतात मेंढरं बसवतात. तू धनगरांना घरची ज्वारी देऊन ती डोंगरावर बसवलीस! वर मेंढरांना बाभळीच्या शेंगा नि बोरं चारलीस. गाव म्हणालं, म्हातारी चळली. मी तर तोंडावर विचारलं, "आत्या, दगडाला खत घालून काय पिकणार हाय?"

"त्यायची राख हाय तिथं," तू म्हणालीस. "सावली नको का त्यायला?"

तरी मी मदतीला एकदाही आलो नाही. का नाही गं रागावलीस कधी?

तू गेलीस तेव्हा लेंड्यांतून उगवलेल्या बोरी-बाभळी गुडघ्याएवढ्या होत्या. पुढे त्यांच्या आडोशाला गवत आलं, गवताने माती धरली. आता तितर आहेत, ससे आहेत, पायथ्याच्या आडाला भर उन्हाळ्यात पाणी आहे!

परवा पाहणीला कंपनीचे साहेब आले. शंभर पावलं चढले आणि बोरीत असे अडकले, की सफारीची बाही टरकन फाटली! आपल्या सरपंचबाई म्हणाल्या, "साहेब, आता लिवा की उजाड हाय म्हनून!" साहेबांनाही हसू आवरेना. आज अर्जाच्या बाजूने एकही हात वर गेला नाही.

पलीकडचा उतार मात्र त्या आगीपासून अजून बोडकाच आहे. आत्या, शब्द देतो. यंदा धनगर आले की मेंढरं आधी तिथे बसतील. माझ्या शेताला खत उरलं तर उरलं, नाही तर नाही.

तुझा भाचा,
महादू