बाबांचा कोट

मोंटाना, मार्च

कर्टिस बाळा,

तुझे बाबा गेले. व्हिएतनामहून परतल्यावर एक रात्रही ते घराबाहेर राहिले नव्हते. परवा दफनाच्या वेळी, जुन्या सैनिकाचा मान म्हणून, सैनिक आले आणि घडी केलेला झेंडा माझ्या मांडीवर ठेवून गेले.

आठवतं? गाईचं वासरू मेलं की बाबा त्याचं कातडं सोलून पोरक्या वासराच्या अंगावर बांधायचे. "वास तोच आला की गाय पाजते गं, जास्त चौकशा करत नाही!" म्हणायचे.

आज त्यांचा कोट घालून मी गोठ्यात चारा टाकायला गेले. म्हातारी गाय बाही हुंगून, चारा सोडून, माझ्या पाठीमागच्या दाराकडे बघत उभी राहिली.

हे पत्र मी टाकणार नाही. तू हुबेहूब त्यांच्यासारखा दिसतोस. आलास, तर मीही तुझ्या पाठीमागेच बघत राहीन.

तुझी आई