हलेल तेच दिसतं

सोमवार
आलो एकदाच्या! मी, धाकटी बहीण चिमी आणि दोरीने आवळलेली एक बॅग. नोकरी आणि राहायला खोली एकाच दारात मिळाली, नशीबच फळफळलं म्हणायचं. मालकीणबाई प्रार्थनाकीटक पाळतात आणि शौकिनांना विकतात. मागच्या खोलीत भिंतभर काचेच्या पेट्या, प्रत्येकीत एक हिरवे नाहीतर तपकिरी महाराज, पुढचे पाय जोडून बसलेले. दिसायला संत, पण माशी जवळ आली की तिचं झालंच! आमच्या खोलीचं छत मात्र भलतंच उंच, आणि त्याखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाळी ताणलेली. आम्ही काय जिराफ आहोत? चिमी हसून हसून लोळली. आई गेल्यापासून पोरगी अशी हसली नव्हती. फार बरं वाटलं.

बुधवार
काम शिकले. पेट्यांत पाण्याचा फवारा मारायचा, ओल टिकवायची. खाद्य जिवंतच द्यायचं. मी शहाणपणा करून मेलेली माशी टाकली, तर पठ्ठ्याने ढुंकूनही पाहिलं नाही. बाई म्हणाल्या, त्याला हलेल तेच दिसतं. चिमट्यात धरून त्यांनी तीच माशी नाचवली, आणि काय सांगू, डोळ्याचं पातं लवायच्या आत गट्टम!

कात टाकायची वेळ आली की तो खाणं सोडतो आणि वरच्या जाळीला उलटा लटकतो. तेव्हा पेटीला बोटसुद्धा लावायचं नाही, पडला तर मेलाच. आतले जिवंत रातकिडे आधी बाहेर काढायचे, कारण नवं अंग मऊ असतं आणि रातकिडेच त्याला कुरतडतात. अंग टणक झालं की खाद्य परत आत सोडायचं.

बाईंचा चिमीवर भारी जीव जडलाय. रोज स्वतःच्या हाताने दूध पाजतात. मला मात्र नुसता पाणचट चहा. असू दे, पोरीला कुणीतरी लाड करणारं मिळालं.

रविवार
चिमी दोन दिवस जेवत नाहीये. दूधसुद्धा नको म्हणते. लाडावलीय नुसती! चांगली खडसावली तिला. मी केर काढत होते, तर खिडकीत बसून, अंग जराही न हलवता, नुसती मान वळवत माझ्याकडे बघत राहिली. बाई येऊन आमच्या खोलीतच फवारा मारून गेल्या. म्हणाल्या, ओल बरी असते.

मंगळवार
चिमीचं अंग करडं पडलंय. हात लावला तर कागदासारखं वाजलं. डॉक्टर आणते म्हटलं, तर बाई आडव्या आल्या. मी आता चार दिवस बाहेर राहायचं म्हणे, चिमीच्या भल्यासाठी. मी काय तिची वैरीण आहे? भांडले, पाया पडले. त्यांनी मला बॅगेसकट बाहेर ढकललं आणि आतून कडी घातली. शेवटचं पाहिलं तेव्हा चिमी कपाटावर चढून जाळी गच्च धरून होती.

गुरुवार
चौकीत गेले. शिपाई दारातूनच बाईंना विचारून आला. म्हणाला, मुलगी पांघरूण घेऊन निजलीय, बाई सेवा करतायत, तुम्हीच डोक्यात राख घालून घेताय. पळून जा असं मन सांगतं. पण चिमीला टाकून कुठे जाऊ? समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसलेय. दार बंदच आहे.

शनिवार, सकाळ
बाईंनी स्वतःच हाक मारली! चिमी बरी झालीय, तुझीच वाट बघतेय म्हणाल्या. जिवात जीव आला. धावतच

शनिवार
बाहेरून कडी लागली. बाई दाराशीच आहेत— श्वास ऐकू येतोय.

वर जाळीला चिमी लटकतेय. नाही— चिमी नाही. नुसती कात. पोकळ. नखांसकट. कपाळावरची खोकसुद्धा, झोपाळ्यावरून पडली होती तेव्हाची—

चिमी कोपऱ्यात आहे. माझ्याहून उंच. पांढरीफटक. हाक मारली, ओळख नाही. डोळे पुसायला हात उचलला— तशी मान वळली.

हलायचं नाही. वही मांडीवर, बोटं तेवढी— लिहिलं नाही तर किंचाळेन—

बाई दाराआडून पुटपुटल्या. पोरीच्या पोटात इतके दिवस अन्नाचा कण नाही. बिचारी—

जवळ आलीय. हात छातीशी जोडलेत. चिमे, मी ताई गं तुझी—

पेनाकडे बघतेय.

थांबवते. थांबवलं. हात ऐकत नाही, थरथर—

भूक लागलीय गं तुला, माझ्या बा