जाळीआडची काकडी

मखमलाबाद, नाशिक

प्रिय वेदिका,

परवा फोनवर तू विचारलंस, शनिवारी येऊ ना आई, आणि मी कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन ठेवला. कुकर लावलेलाच नव्हता. तुला 'ये' म्हणवेना आणि 'नको येऊस' म्हणणं तर त्याहून जमेना. फोनवर माझा आवाज लगेच फुटतो, म्हणून हे पत्र. आपल्या गल्लीतला राजू रेल्वेत इगतपुरीला कामाला येतो, त्याच्या हाती पाठवते आहे. सोबतच्या पिशवीत चार काकड्या आहेत. आधी त्या खा, मग पुढचं वाच. नाहीतर पत्र घेऊन बसशील आणि त्या सुकून जातील.

हरितगृहाची खबरबात पहिल्यांदा सांगते, कारण तू तीच विचारशील. ते बरं आहे. सकाळी दाराची झिप मी उघडते, संध्याकाळी लावते. परवाच्या पावसात छताच्या प्लॅस्टिकच्या कागदावर पाण्याचं पोट सुटलं होतं, ते आतून केरसुणीने ढकललं तर सगळं पाणी अण्णांच्या अंगावर. बाहेर उभं राहून मला सूचना देत होते ना! तुझे सासरे असले तरी सांगते, फार बरं वाटलं मला. तू गेल्यापासून ते आत पाऊल टाकत नाहीत. बाहेरूनच ओरडतात, "लय गरम होतंय का गं आत? खिडकी उघड." आत गेले की तुझी ती छोटी कात्री आणि बसायचा पाट दिसतो, म्हणून टाळतात. कबूल करणार नाहीत.

हरितगृहाचं ते जोडायचं किट घेतलं ते दिवस आठवतात का तुला? तुला कदाचित आठवणार नाहीत, तू तेव्हा कशातच नव्हतीस. हर्षलला तापाचं निमित्त झालं आणि बघता बघता होत्याचं नव्हतं झालं. तू बँकेतली नोकरी सोडलीस आणि मागच्या दारात बसून परसातल्या रिकाम्या जागेकडे बघत राहायचीस. चहा दिला तर प्यायचीस, नाही दिला तर मागायची नाहीस. तुझ्याशी काय बोलावं ते मला कळेना. माझाही मुलगा गेला होता, पण मी निदान भांड्यांवर राग काढत होते. मग माझ्या भाचीने, योगिनीने, फोनवर ते व्हिडिओ दाखवले, लोक अंगणात प्लॅस्टिकची घरं उभारून भाजी लावतात ते. मला वाटलं, तुझे हात मातीत गेले तर बरं.

निवडताना घरात केवढं रणकंदन झालं! अण्णा म्हणाले, "जन्मभर द्राक्षबाग केली, आता हे तंबू खेळायचे व्हय?" त्यांना चार पाइप वाकवून स्वतःच उभारायचं होतं. मला ते काचेसारख्या जाड पत्र्याचं आवडलं होतं, दिसायला किती झोकदार! पण ते आपल्या परसात मावणार नव्हतं, आणि आपल्या उन्हात त्यात रोपांची भाजी आपोआप शिजली असती. स्वस्तातलं एक होतं, त्याच्या प्लॅस्टिकच्या काड्या बघून अण्णा म्हणाले, वैशाखातल्या वावटळीत हे थेट गंगापूर धरणात जाईल. आम्ही असे हमरीतुमरीवर आलेलो असताना तू दारातून मान वळवलीस आणि विचारलंस, त्याच्या छताला खिडकी आहे का? कितीतरी महिन्यांनी तू स्वतःहून काहीतरी विचारलं होतंस. मग बाकी काही बघितलंच नाही. लोखंडी पाइपांचं, दुधी कागदाचं, छताला खिडकी असलेलं ते मधलं किट मागवून टाकलं.

उभारताना अण्णांनी चित्रांचा कागद बघितला नाही आणि दार बरोबर कंपाउंडच्या भिंतीकडे काढलं. सगळं उलगडून पुन्हा जोडावं लागलं, तरी चार नट उरलेच. ते अजून माझ्या मसाल्याच्या डब्याशेजारी पडले आहेत. तू मात्र हळूहळू त्यात रमलीस. थंडीत टोमॅटो झाले, ढोबळी मिरची झाली, सगळी गल्ली मेथी मागायला आली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्या कागदाआड तुझी सावली हलताना दिसायची आणि माझी पोळी तव्यावर करपायची. पोर बाहेर कुठे जात नाही, कोणाकडे बसत नाही, पण आपल्या डोळ्यांसमोर आहे, ऊन नाही, वारा नाही, कोणाचं बोलणं नाही. मला वाटायचं, असंच चालू राहू दे. फार शांत वाटायचं गं मला.

उन्हाळ्यात तुझ्या आजीने, बायडाबाईंनी, गावरान काकडीचं बी दिलं. तेव्हा पांढऱ्या माशीने मिरची खाल्ली होती, म्हणून अण्णांनी पक्का बंदोबस्त केला होता. खिडकीला जाळी, दाराला जाळी, मुंगीसुद्धा आत शिरायची नाही. वेल डोक्यापेक्षा उंच झाले, पिवळीधमक फुलं आली. बोटाएवढ्या काकड्या फुलामागे दिसायच्या आणि तिसऱ्या दिवशी पिवळ्या पडून गळायच्या. तू खत बदललंस, पाणी बदललंस, खाली पडलेल्या त्या इवल्या काकड्या ओंजळीत घेऊन माझ्याकडे आलीस. तुझे डोळे भरलेले होते. त्या काकड्यांसाठी नव्हते, मला कळत होतं.

मग ज्ञानेश आला. विंचूरकडचा नर्सरीवाला, आपण ज्याच्याकडून रोपं घेतो तो. फाटलेल्या कागदाला पट्टी लावायला आला होता. अण्णांनी त्याला ऐकवलं, "पॉलीहाऊसात काकडी मधमाशीबिगर लागती, म्या डोळ्यानं बघितलीया. बियाणंच खराब हाय." आणि तो हसून म्हणाला, "काका, ती जात निराळी असती, तिला मधमाशी नाय लागत. ही गावरान हाय. जाळी सकाळची उघडी ठेवा, नाहीतर हिला फळ कसं धरायचं?" तो काकडीबद्दलच बोलत होता. पण मी मागच्या ओट्यावर धान्य निवडत होते, माझा हात सुपातच थांबला. जाळी काळजीपोटीच लावली होती ना आम्ही.

त्याने तुला नराचं फूल तोडून मादीच्या फुलाला कसं टेकवायचं ते दाखवलं, आणि जाताना दाराची जाळी गुंडाळून वर बांधून ठेवली. त्यानंतर काही ना काही कामाने तो येत राहिला. कधी रोपांचे ट्रे, कधी नारळाच्या भुश्याचं कोकोपीट. अण्णा म्हणायचे, या पोराला आपल्या कोकोपीटचा भारी कळवळा! एका सकाळी मी कपडे वाळत घालत होते आणि आतून तुझा आवाज आला. तू त्याला हर्षलची गोष्ट सांगत होतीस. काकडीचं टोक कापून कडवटपणा जावा म्हणून तो ते किती वेळ घासत बसायचा, फेस आला तरी थांबायचा नाही, आणि शेवटी निम्मी काकडी त्या घासण्यातच संपवायचा. ज्ञानेशने तुला विचारलं होतं, कसे होते ते? वेदिका, हर्षल गेल्यापासून आपल्या घरात पाय ठेवणारा प्रत्येकजण त्याचं नाव टाळतो. हा पहिला, ज्याने विचारलं. आणि तू हसलीस. मी ओलं धोतर हातात धरून तिथेच खाली बसले आणि पोटभर रडले.

नवसाबाई, ज्ञानेशची आई, आली त्या दिवशी मी तिच्या चहात दोनदा साखर घातली. ती बिचारी तशीच प्यायली. म्हणाली, "मागणी घालायला तिच्या माहेरी जायला पायजे, पण म्हटलं आधी तुमाला इचारावं. लेक तुमची हाय." तू दारात उभी होतीस. ती गेल्यावर तू मला एवढंच म्हणालीस की मी तुम्हा दोघांना टाकून कुठेही जाणार नाही. आणि दुसऱ्या दिवशी बॅग भरून डोकं शांत करायला इगतपुरीला माहेरी गेलीस. नवसाबाई उत्तराची वाट बघते आहे. तिला मी रविवारपर्यंत सांगते म्हटलं आहे.

तू गेलीस तेव्हा पहिली काकडी वेलावर होती. ती मी परवा काढली. टोक कापलं, घासलं. अण्णा समोर बसले होते, म्हणाले, "अजून घास, अजून," आणि मग उठून बाहेर गेले. गोड निघाली गं. नुसत्या मिठाबरोबर सगळी खाल्ली मी. घर इतकं रिकामं आहे की माझं चावणं मलाच ऐकू येत होतं. तू लग्न होऊन गेलीस की आमचं काय होईल, हे मला माहीत आहे. हर्षल दोनदा गेल्यासारखं होईल. खोटं कशाला बोलू? पण तू इथे राहिलीस म्हणून तो एकदाही परत येणार नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहिलं ते. शनिवारी हर्षलचं श्राद्ध आहे. तू आलीस की पहाटे उठून त्याच्या आवडीचा स्वयंपाक करशील, त्याचा फोटो पुसशील, आम्हा दोघांची तोंडं बघशील, आणि संध्याकाळच्या आत नवसाबाईला 'नाही' कळवून मोकळी होशील. मी तुला ओळखते. म्हणून येऊ नकोस. स्वयंपाक मी करीन, पान मी वाढीन, पानात कोशिंबीर ठेवीन, शेंगदाण्याचा कूट भरपूर घालून. कावळा येईल, तू काळजी करू नकोस, आपलं पोरगं काकडीला कधी नाही म्हणालेलं नाही. तू तिथूनच ज्ञानेशला हो म्हणून कळव. अण्णांना विचारलं मी. म्हणाले, "पोरीला म्हणाव, कन्यादान म्या करणार." आणि मग श्रावणात नागपंचमीला ये, लेकी माहेराला येतात तशी. जाळी वर बांधलेलीच आहे, वेलांना भरपूर काकड्या लागतील. फक्त नागपंचमीच्या दिवशी आपण विळीला हात लावत नाही, काही चिरत नाही. तेव्हा आदल्या दिवशी ये. दोघंही या. त्यालाही काकडी घासायला शिकव, अण्णा समोर बसून सांगतील अजून किती घासायची ते.

तुझीच,
आई